अमळनेरच्या कारखान्यातली पिंजलेली गादी, आणि पाटीवरचा 'मॅट्रेस' हा शब्द

सुती गादी करून घ्यायची असेल आणि अमळनेर तुम्हाला फार लांब पडत नसेल तर इथूनच घ्या, हे आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांना पुढचं सगळं वाचत बसायला नको. 5 पैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच. बाकी रिव्ह्यू लांबणार आहे कारण मला गादीबद्दल जेवढं बोलायचंय तेवढंच त्या दुकानाच्या पाटीबद्दलही बोलायचंय.

दुकान म्हणजे शोरूम वगैरे नाही बरं का, साधा गादी कारखाना, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, पुढे ओटा, आत पिंजायचं मशीन, बाजूला रुईचे गठ्ठे आणि सगळीकडे उडणारी पांढरी तूस. चाचा स्वतः ओट्यावर बसून शिवतात आणि मशीन मुलगा चालवतो. घराण्याचा धंदाच हा, पिंजारी. बाहेर नवीन फ्लेक्स लावलाय, 'येथे तऱ्हेतऱ्हेच्या गाद्या, उशा, रजया व मॅट्रेस मिळतील'. मी विचारलं की चाचा, गाद्या लिहिलंय ना, मग मॅट्रेस वेगळं काय, तर मुलगा म्हणाला ताई, नवीन पोरं येतात आणि गादी दाखवली की म्हणतात गादी नको मॅट्रेस दाखवा, म्हणून लिहून टाकलं. वस्तू तीच. पण मॅट्रेस म्हटलं की चार पैसे जास्त द्यायची तयारी असते आणि गादी म्हटलं की घासाघीस सुरू. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं, आणि त्याच कारणाने हा रिव्ह्यू एवढा सविस्तर लिहितेय.

आधी कापसाचं. इथली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे पोतं उघडून दाखवतात. तीन प्रकारची रुई असते. एक चिंधीची, म्हणजे जुने कपडे, कटपीस फाडून केलेली, करड्या रंगाची, सगळ्यात स्वस्त, तिची गादी वर्षभरात चपाती होते, ती घेऊ नका. दुसरी नेहमीच्या बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या कापसाची. 2002 साली आपल्याकडे बीटीला परवानगी मिळाली आणि आता जळगाव-धुळ्याच्या बाजूला शेतात बघाल तर जवळजवळ सगळं तेच, धागा लांब आणि मऊ, सुतासाठी एक नंबर. आणि तिसरी देशी कापसाची. देशीचा तंतू आखूड आणि जाडाभरडा असतो म्हणून सूतगिरणीवाले त्याला नाक मुरडतात, पण गादीला नेमका तोच पाहिजे, कारण तो दाबला तरी परत फुगतो, लांब धाग्याची मऊ रुई दबली की दबली. चाचांनी मूठभर रुई हातात दाबून सोडून दाखवली आणि म्हणाले, "हाऊ कापूस देशी शे ताई." देशी आता लावतात कमी, त्यामुळे मिळेलच असं नाही, आधी फोन करून ठेवावा लागतो आणि भाव जास्त पडतो. मी देशीचीच करून घेतली, सिंगल, 6 बाय 3, 12 किलो रुई.

उशीला सावरीचा कापूस हवा असेल तर तोही आहे त्यांच्याकडे, उशी एकदम हलकी होते. आम्ही साधीच घेतली.

आता माझी जुनी गादी फोमची होती, ऑनलाइन मागवलेली, कंपनीचं नाव घेत नाही. दिसायला झकास, पण आपल्या खान्देशातल्या उन्हाळ्यात फोमवर झोपणं म्हणजे काय ते ज्याने सोसलंय त्यालाच माहीत. मे महिन्यात 44-45 डिग्री, रात्री लाइट गेली की पाठीखाली नुसती वाफ. फोम हवा खेळू देत नाही आणि घाम पीत नाही. तर त्या गादीच्या कडेला एक लांबलचक लेबल शिवलेलं होतं, माल बहुतेक युरोपातल्या दुकानांसाठी बनवलेला असावा कारण एकच शब्द पंधरा भाषांमध्ये छापलेला. भाची जर्मनीत शिकायला आहे, तिला फोटो पाठवला आणि तिने व्हिडिओ कॉलवर एकेक वाचून दाखवला. जर्मन मात्रात्से. डच मात्रास. इटालियन मातेरास्सो. फ्रेंच मात्ला. पोलिश मातेरात्स, हंगेरियन मात्राट्स, रशियन मात्रास. स्वीडिश आणि डॅनिश दोघांचं माद्रास, आणि डॅनिशमध्ये तर स्पेलिंगसुद्धा हुबेहूब आपल्या जुन्या मद्रास शहरासारखं, पण शहराच्या नावाशी त्याचा काही संबंध नाही, नुसता योगायोग.

इंग्रजी, जर्मन, रशियन, हंगेरियन. यातल्या हंगेरियनचं तर बाकीच्यांशी भाषेचं नातंच नाही, आणि तरी झोपायच्या वस्तूला सगळ्यांचा एकच शब्द. असं कधी होतं? जेव्हा शब्द कोणाच्याच घरचा नसतो आणि वस्तूबरोबर बाहेरून येतो तेव्हा. आपल्याकडे टेबल, स्टेशन, मोबाईल कसे सगळ्या भाषांमध्ये सारखे, तसं. मी मग खोदत गेले.

तो अरबीतून आलाय. मूळ शब्द 'मत्रह', आणि तो 'तरह' या क्रियापदापासून, अर्थ टाकणे, खाली टाकणे. म्हणजे मत्रह म्हणजे जिथे काही टाकलं जातं ती जागा, आणि त्यावरून जमिनीवर टाकायची मोठी गिरदी, गादी. अरब लोक जमिनीवर गाद्या टाकून त्यावर बसायचे, झोपायचे. त्या काळी युरोपात सामान्य माणूस झोपायचा तो पेंढा भरलेल्या पोत्यावर. सिसिली बेटावर अरबांची सत्ता होती, नवव्या शतकापासून अकराव्यापर्यंत, शिवाय इटलीच्या बंदरांचा पूर्वेकडच्या देशांशी व्यापार, आणि नंतर क्रुसेडच्या लढायांमुळे लोकांची ये-जा. इटालियनमधून शब्द जुन्या फ्रेंचमध्ये गेला, तिथे आधी मातेरास होता, पुढे र चा ल होऊन आजचा मात्ला झाला, आणि इंग्रजीत तो 1300 च्या सुमारास पोचला. जर्मनमध्येही साधारण तेव्हाच. पोलंड, हंगेरी, रशियाकडे नंतर पसरत गेला.

म्हणजे 'मॅट्रेस' या शब्दाचा अर्थच मुळात खाली टाकायची गादी. चाचा जे ओट्यावर बसून शिवतात तीच. पलंग, स्प्रिंगा, मेमरी फोम हे सगळं त्या शब्दाला नंतर चिकटलं. जी पोरं येऊन म्हणतात गादी नको मॅट्रेस दाखवा, त्यांना चाचांनी खुशाल आपली सुती गादी काढून दाखवावी, शब्दाचा पहिला मान तिचाच आहे.

आणि अजून पुढे ऐका, हे तर मला सगळ्यात जास्त आवडलं. त्या 'तरह' धातूचाच अजून एक शब्द आपण मराठीत रोज वापरतो. तऱ्हा! अरबीत 'तर्ह' म्हणजे टाकणं, घालणं, त्यावरून पाया घालणं, आखणी, मग फारसीत नकाशा, डिझाईन, आणि होता होता पद्धत, रीत. हिंदीतला 'किस तरह' तोच, आपली तऱ्हा, तऱ्हेवाईक सगळे तेच. म्हणजे दुकानाच्या फ्लेक्सवर 'तऱ्हेतऱ्हेच्या गाद्या व मॅट्रेस' लिहिलंय ना, त्यात तऱ्हा आणि मॅट्रेस हे दोघं सख्खे भाऊ आहेत, एक फारसीच्या वाटेने खान्देशात आला आणि दुसरा इटली, फ्रान्स, इंग्लंड असा वळसा घालून, आणि अमळनेरच्या एका फ्लेक्सवर शेजारी शेजारी बसलेत. मी हे चाचांना सांगितलं तर त्यांनी सुई थांबवून पाटीकडे मान वर करून बघितलं आणि मुलाला हाक मारून म्हणाले परत सांगा ताई, त्यालापण ऐकू द्या.

अरबी शब्द बनतात कसे ते एकदा कळलं की मग हे सगळं फार सोपं वाटायला लागतं. त्यांच्याकडे तीन अक्षरांचा धातू असतो आणि त्याच्या आधी 'म' लागला की बऱ्याचदा ती क्रिया जिथे होते त्या जागेचं नाव तयार होतं. किताब ज्या धातूची त्याचाच मक्तब, लिहायची जागा. सजदा जिथे करतात ती मशीद. दर्स म्हणजे धडा, तो जिथे घेतात तो मदरसा. उतरायची जागा मंझिल, आणि त्यावरून आपली मजल, मजल दरमजल करत वाली, आणि घराचा मजलासुद्धा. माल साठवायची जागा मखझन, धातू तोच जो आपल्या खजिन्याचा, आणि या मखझनचं अनेकवचन मखाझिन, ते इटालियनमध्ये मागाझ्झिनो म्हणजे गोदाम झालं, फ्रेंचमध्ये मागाझां म्हणजे दुकान, आणि इंग्रजीत मॅगझिन. बंदुकीचं मॅगझिन कळायला सोपंय, काडतुसांचं कोठार. वाचायचं मॅगझिन म्हणजे माहितीचं कोठार, 1731 साली लंडनमध्ये एका मासिकाने हे नाव घेतलं आणि मग सगळेच घ्यायला लागले. तर मत्रह याच घराण्यातला, टाकायची जागा.

सगळ्या युरोपने मात्र तो घेतला नाही. स्पॅनिशमध्ये आज गादीला कोल्चोन म्हणतात, तो लॅटिनच्या 'कुल्किता' शब्दाच्या वळणाचा, भरलेली गादी, आणि इंग्रजीतलं क्विल्टही तिथूनच. पण जुन्या स्पॅनिशमध्ये आणि पोर्तुगीजमध्ये 'अल्माद्राके' होता, म्हणजे तोच मत्रह, पुढे अरबीचं 'अल' जसंच्या तसं चिकटलेलं. स्पेनमध्ये शेकडो वर्षं अरबी बोलली जायची आणि तिथे शब्द उचलताना अल सकट उचलले गेले, इटलीत मात्र बरेचसे अल काढून. आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे कापूसच. अरबीत कापूस म्हणजे कुत्न. इटालियन कोतोने, फ्रेंच कोतों, डच कातून, इंग्रजी कॉटन. आणि स्पॅनिश? अल्गोदोन. अल-कुत्न! भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली मावशी, पण जर्मनमध्ये तर कापसाला बाउमवोले म्हणतात, लेबलवर तेच लिहिलंय, झाडाची लोकर. बरोबरच आहे तिचं. काट्टून हा शब्द जर्मनमध्ये आहे पण तो सुती कापडाला. आणि झाडाची लोकर ही कल्पना भारताशीच जोडलेली आहे, ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवलंय की भारतात झाडांना लोकर येते, मेंढीच्या लोकरीपेक्षा चांगली, आणि तिथले लोक तिचे कपडे घालतात.

आणि याच्याही आधी आपला शब्द तिकडे जाऊन आलाय. संस्कृत कार्पास, त्याचा आपला कापूस, तोच ग्रीकमध्ये कार्पासोस आणि लॅटिनमध्ये कार्बासुस, बारीक तलम कापड, जहाजाचं शीड या अर्थाने. म्हणजे रोमन लोकांच्या जहाजांच्या शिडाला आपल्या कापसाचं नाव होतं. नंतर अरबांचा कुत्न आला आणि तो जिंकला, कार्पास मागे पडला. पण जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याच्या तोंडी तो अजून आहे, कपाशी लावली म्हणतो तेव्हा.

परत गादीकडे. पिंजणं मशीनवर होतं, रोलरमधून रुई एकदम फुलून बाहेर पडते, धूळ आणि सरकीचे तुकडे खाली गळतात. चाचांच्या वडिलांची धनुकली भिंतीवर टांगलेली आहे अजून, मोठं लाकडी धनुष्य आणि त्याला ताणलेली तात. लहानपणी पिंजारी खांद्यावर ती घेऊन गल्लीत यायचे आणि तातीच्या टण् टण् आवाजावरून घरोघरच्या बायकांना कळायचं की आले, मग जुन्या गाद्या उसवून अंगणात ढीग. मशीनने काम लवकर होतं पण चाचा म्हणाले हाताने पिंजलेली रुई जास्त दिवस फुगीर राहते, मशीनमध्ये तंतू थोडा तुटतो. हाताने हवी असेल तर आता ते करत नाहीत, खांदा दुखतो, हे सरळ सांगतात. आवडलं मला ते.

पिंजाऱ्यांतले बरेच जण मन्सूरी आडनाव लावतात. ते नाव बगदादच्या मन्सूर अल हल्लाजशी जोडतात, तो मोठा सूफी ज्याला 922 साली बगदादला मृत्युदंड दिला, 'अनल हक' म्हणजे 'मीच सत्य' म्हणणारा. आणि हल्लाज या अरबी शब्दाचा अर्थ पिंजारी. कर्नाटकाकडे, कोल्हापूर-सोलापूरकडे नदाफ आडनाव असतं ना, तोही अरबी नद्दाफ, अर्थ तोच, पिंजारी. म्हणजे ज्या भाषेने युरोपला गादी आणि कापूस दोन्ही शब्द दिले तिच्यातच या धंद्याचीही नावं आहेत. चाचांना हल्लाजचं माहीत होतं, आजोबांनी सांगितलेलं. मॅट्रेसचं नव्हतं.

या भाषा इथे नवीन नाहीतच. फारुकी सुलतानांचं राज्य खान्देशावर 1382 पासून 1601 पर्यंत होतं आणि त्यांची सुरुवात तापीकाठच्या आपल्या थाळनेरहून, बऱ्हाणपूर नंतर. दोनशेच्या वर वर्षं दरबाराची भाषा फारसी म्हटल्यावर शब्द राहणारच. फरशी घ्या. अरबीत फर्श म्हणजे पसरलेलं, अंथरलेलं, त्याची आपण फरशी केली आणि अंथरुणं-तंबू सांभाळणाऱ्या खात्याचा फरासखाना. आणि आजच्या अरबीत बऱ्याच ठिकाणी गादीला म्हणतात फर्शा! मत्रहचा अर्थ काही ठिकाणी नुसती 'जागा' एवढाच उरलाय. इजिप्तमध्ये तर गादीला मर्तबा म्हणतात, आणि मर्तबा म्हणजे हुद्दा, दर्जा. आपल्याकडे पण बघा, गादी म्हणजे झोपायची आणि गादी म्हणजे राज्यही, पेढीवर शेठजी बसतो तीही गादी, सातारची गादी, कोल्हापूरची गादी. दोन वेगळ्या भाषा, एकमेकींना न विचारता, दोघींनी बसायच्या मऊ जागेला मान जोडला.

मी गादी केली ती दिवाणासाठी, पुढच्या खोलीत आहे तो, आणि दिवाण हा शब्दही असाच फिरलेला. फारसी दीवान, आधी हिशेबाची वही, नोंदवही, मग कचेरी, मग त्या कचेरीतला अधिकारी म्हणजे आपला दिवाणजी, शायराच्या कवितांचा संग्रहही दिवान, आणि कचेरीत भिंतीला लागून ज्या लांब बैठकीवर मंडळी लोडाला टेकून बसायची ती बैठकही दिवाण. युरोपात हा शब्द दोन दारांनी गेला. फर्निचर म्हणून डिव्हान, आणि कचेरी म्हणून इटालियन दोगाना, फ्रेंच दुआन, म्हणजे कस्टम्स, जकात. भाची पहिल्यांदा युरोपात उतरली तेव्हा तिने 'दुआन'ची पाटी बघितली होती, तिला कुठे ठाऊक की घरी मावशीच्या पुढच्या खोलीत त्याच नावाची वस्तू आहे. सोफाही अरबी सुफ्फा, ओटा, चौथरा. युरोपातल्या घरात आरामात बसायच्या-लोळायच्या इतक्या वस्तूंची नावं पूर्वेकडची आहेत याचं कारण मला तरी सरळ दिसतं, तिकडे लाकडी बाकं आणि पेट्या होत्या, आणि जमिनीवर मऊ अंथरून पाय पसरून बसायची रीत या बाजूची.

खोळीचं कापड गादीपाटाचं, पट्ट्यापट्ट्यांचं, जाड विणीचं, त्यातून रुई बाहेर येत नाही. निळ्या आणि तांबड्या पट्ट्या दोनच मिळतात आणि फुलाफुलांचं सॅटिनसारखं एक कापड आहे पण ते गुळगुळीत असल्याने चादर घसरते, घेऊ नका. शिवण बघण्यासारखी. कडेला दोरा आतल्या रुईसकट असा घट्ट घेतात की कडा गोल उभी राहते, आणि मग लांब दाभणाने आरपार टाके, प्रत्येक टाक्याला वर खाली कापडाचा छोटा गोळा म्हणजे दोरा खोळ फाडत नाही. टाके जवळ जवळ मागा. लांब लांब टाक्यांची गादी लवकर होते पण आतली रुई सरकते आणि मध्ये खड्डा पडतो.

झोपून कशी वाटते? पहिले काही दिवस उंच आणि फुगीर, मधोमध झोपलं की दोन्ही बाजूंनी वर आल्यासारखं वाटतं, मग बसते आणि पाठीला टणक पण टोचत नाही अशी होते. ज्यांना फोममध्ये रुतायची सवय आहे त्यांना कडक वाटेल. सासूबाईंना पहिल्या रात्रीपासून आवडली. उन्हाळ्यात फरक एकदम जाणवतो, घाम टिपला जातो आणि पाठीखाली तापत नाही. पावसाळ्यात मात्र ती ओल धरते, ऊन पडलं की गच्चीवर टाकावीच लागते, आणि 12 किलोची गादी जिन्याने वर न्यायला दोन माणसं पाहिजेत. घरात फक्त म्हातारी माणसं असतील तर पातळ दोन करून घ्या, एक जाड नको.

अर्धा स्टार कापला तो उशिरासाठी. सांगितलेल्या तारखेला गादी तयार नव्हती, नंतरच्या तारखेलाही नव्हती, आणि फोन करून कळवलंही नाही, मीच चौकशी करत राहिले. लग्नसराई होती, समोर रुखवताच्या गाद्यांची थप्पी होती, मान्य, पण एक फोन करायला हवा होता. आणि उशा जास्तच ठासून भरल्या होत्या, मान अवघडली, परत नेऊन दिल्या तर काही न बोलता रुई कमी करून लगेच शिवून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

किमतीचं म्हणाल तर रुईचा किलोचा भाव, कापड आणि मजुरी असा वेगवेगळा हिशेब कागदावर लिहून देतात. देशी कापसाची असूनही ब्रँडेड फोमच्या गादीच्या निम्म्याच्या आत पडली. आणि चार-पाच वर्षांनी दबली की फेकायची नाही, खोळ उसवून तीच रुई परत पिंजून, थोडी नवीन घालून मिळते, फक्त पिंजणावळ आणि शिलाई. फोमची जुनी गादी कोण घेतं सांगा, भंगारवालासुद्धा नको म्हणतो.

जाणार असाल तर पलंगाचं किंवा दिवाणाचं माप घेऊन जा, अंदाजाने सांगू नका, आणि रुई समोर पोत्यातून काढून तोलायला सांगा, ते नाही म्हणत नाहीत. शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळी बंद असतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी यायच्या असतात म्हणून त्याच्या आधी प्रचंड गर्दी होते, तेव्हा होळी झाली की लगेच ऑर्डर देऊन टाका, आणि तारीख आपणच अधूनमधून फोन करून पक्की करत राहा.